पहिल्या रांगेतले दात

४ फेब्रुवारी

ही वही बायकोने आणली. म्हणाली, "दिवसभर माझ्याशी भांडता, थोडं हिच्याशी भांडा." बरं, सुरुवात करतो.

आज निर्माता हो म्हणाला. नाटक मी लिहिलेलं, बसवणार मी, आणि मुख्य कामही माझंच. मार्चअखेर पहिला प्रयोग. "चाललं तर चाललं, नाही तर पडदा," असं म्हणून तो हसला. मीही हसलो. पडणारा पडदा माझाच, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं, त्यामुळे घरी येईपर्यंत त्या हसण्याने गाल दुखत होते.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बाप केले. नायकाचा बाप, नायिकेचा बाप, न्यायाधीश, डोकं हलवत बाहेर येणारा डॉक्टर, मारामारी संपल्यावर पोचणारा फौजदार. एकदा प्रेतसुद्धा केलं, आणि दिग्दर्शक म्हणाला होता की इतकं नैसर्गिक प्रेत त्याने पाहिलं नव्हतं. लोक रस्त्यात थांबवून "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय" म्हणतात आणि बँकेत की दवाखान्यात यावर आपसांत वाद घालतात. मधूनमधून नाटकं लिहिली, बसवली. त्यातलं मोठं काम दर वेळी दुसऱ्याला दिलं, कारण तिकीट त्याच्या तोंडावर खपायचं. एकदा तरी गोष्ट माझ्याभोवती फिरावी, मग मरायला मोकळा, असं किती वर्षं म्हणतोय.

सिनेमाचं काम तर आटलंच. शेवटच्या चित्रीकरणाला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. तिथला साहाय्यक डासाच्या आवाजात सूचना द्यायचा. तो "ॲक्शन" म्हणतोय की जांभई देतोय, कळायला मार्ग नाही. मी एकदा आधी चालत सुटलो, एकदा उशिरा, आणि नायक घड्याळ बघायला लागला. त्या दिवसापासून फोन वाजलेला नाही. बायको म्हणते वाजतो. पण मला बरं वाटावं म्हणून ती काहीही म्हणते.

१० फेब्रुवारी

तालमी सुरू झाल्या. जागा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. लांबट खोली, भिंतीला लावलेल्या मोडक्या खुर्च्या, आणि जमिनीवर खडूने आखलेलं घर. इथे दार, इथे टेबल, इथे खिडकी. खालच्या यंत्रांची घरघर मात्र डोकं उठवते. कुजबुजला म्हटलं, "तालीम होईपर्यंत तरी बंद ठेवायला सांग त्यांना." तो म्हणाला, "अरे, छापखान्याला टाळं लागून वर्ष झालं." याला थट्टा कधी करावी ते कळत नाही.

कुजबुज म्हणजे आमचा प्रॉम्प्टर. विंगेत बसून संहिता हातात धरायची आणि नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा, तोही असा की पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. आम्ही दोघं बरोबर म्हातारे झालो. मी रंगमंचावर कुठेही असलो तरी त्याचा शब्द बरोबर माझ्यापर्यंत येतो. मी तिच्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकलंय, ही बायकोची जुनी तक्रार.

नाटक साधं आहे. कुलपं दुरुस्त करणारा एक म्हातारा. वर्षानुवर्षं अबोला धरलेली मुलगी अचानक घरी येते. तो काडी ओढून स्टोव्ह पेटवतो, चहा टाकतो, आणि दोन अंक दोघं एकमेकांना टोचत राहतात. शेवटच्या प्रवेशात वीज जाते. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. तोंडं दिसत नाहीत म्हणून दोघं पहिल्यांदा खरं बोलतात. ती सांगते, मी दाराआड रडायचे आणि तुम्ही कानस घासत बसायचात. तो म्हणतो, "मला सगळं ऐकू येत होतं." आणि अंधारात तिचा हात धरतो. ते वाक्य लिहिताना मी रडलो होतो. मी फुकट रडणारा माणूस नाही.

मुलीच्या कामाला निर्मात्याने एक नवी पोरगी पाठवली आहे. मी तिचं नाव चिमणी ठेवलं, कारण आवाज तेवढाच. ओठ हलतात, बाहेर काही पडत नाही. तिला विचारलं, "मागच्या रांगेला काय पत्राने कळवणार आहेस?" खोलीच्या टोकाला उभं करून तेच भाषण पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी रडली. रडलीसुद्धा आवाज न करता! कुजबुज म्हणाला, "जिन्याखालपर्यंत ऐकू येतंय तिचं." मी म्हटलं, "तू तिचा वकील आहेस का?" नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत आहे आजकालच्या पोरांची.

१७ फेब्रुवारी

घरी तमाशा झाला. ही दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दाराबाहेर उभी, बेल दाबतेय, आणि मी दाराशेजारच्या खुर्चीत संवाद पाठ करत बसलेलो. शेवटी शेजारीण खिडकीसमोर येऊन हात हलवायला लागली तेव्हा मी दार उघडलं. म्हटलं, बेल बिघडली. लगेच नवा सेल आणून घातला. हिने बटण दाबलं आणि विचारलं, "वाजली?" मी म्हटलं, "बघ, अजूनही नाही. फेकून दे ती." ही बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, एकदा कान दाखवून घेऊ या."

डोकं सणकलं माझं. बहिरेपण काय असतं ते आता मला शिकवणार! तरुणपणी एका प्रहसनात बहिऱ्या काकांचं काम मी अडीच वर्षं केलं. त्यानेच तर पोटापाण्याला लागलो. कानामागे हात, "काय? काय?" आणि विचारलं एक तर उत्तर भलतंच. लोक खुर्चीतून खाली पडायचे. रंगमंचावरच्या झगमगाटात प्रेक्षक कधी दिसत नाहीत, पहिल्या रांगेतले दात तेवढे चमकतात. त्या दातांवर मी घर चालवलंय. या धंद्याचा नियमच आहे, आंधळ्याला टाळी आणि बहिऱ्याला हशा. आंधळा म्हातारा चाचपडत आला की बायका पदर डोळ्याला लावतात. बहिरा आला की पोरंसोरंही दात काढतात.

आणि बहिरा माणूस सारखं "काय? काय?" करतो. मी कधी "काय" म्हणतो? मी म्हणतो, "नीट बोला."

२५ फेब्रुवारी

कुजबुजला काढून टाकलं.

दुसरा इलाज नव्हता. आज दुसऱ्या अंकात मी अडलो. अडलो म्हणजे काय, शब्द जिभेवर होता. खडूने आखलेल्या विंगेकडे कान दिला. काही नाही. थांबलो. सगळे खडूच्या रेघांवर पुतळ्यासारखे उभे. मी तिकडे जाऊन ओरडलो, "झोपलास का?" तो म्हणाला, "तीनदा दिला शब्द. तिसऱ्यांदा तर तालीम बघायला आलेल्या लाइटवाल्याने मागे वळून बघितलं." चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, "म्हातारा झालास. आवाज गेला तुझा. उद्यापासून येऊ नकोस." वाटलं, शिव्या घालेल. त्याने चष्मा पुसला, संहिता खुर्चीवर ठेवली आणि "बरं" म्हणाला. त्याच्याकडून इतकं लहान उत्तर मला आजवर मिळालं नव्हतं.

ही जेवताना एक शब्द बोलली नाही. की बोलली? डोकं ठिकाणावर नाही माझं.

५ मार्च

नाट्यगृह आता दुपारचं तालमीला मिळतं. इथेही ती घरघर आहेच, बहुधा वातानुकूलनाची.

पण चमत्कार झालाय. चिमणी सुधारली! आता माझ्याशी बोलताना पाठ फिरवत नाही, मान खाली घालत नाही, थेट माझ्या तोंडासमोर येऊन एकेक शब्द चावून बोलते. तिचं वाक्य संपलं की काहीतरी लहानसं करते. कप खाली ठेवते, केस मागे सारते. बाकीची मंडळीही तसंच करायला लागली आहेत. नाटकाला एक ठेका आलाय. कुजबुजला काढल्याचा धाक बसला सगळ्यांना. दिग्दर्शक कडक असला की असं होतं.

त्याच्या जागी ही येऊन बसते. "घरी बसून कंटाळा येतो," म्हणाली. इतकी वर्षं नाही आला. विंगेत बसते, पण शब्द पुरवायची वेळच येत नाही. फक्त समोरच्या कडेचा एक दिवा बिघडलाय, मधूनच लुकलुकतो. लाइटवाल्याला सांगितलं तर "वायर ढिली आहे साहेब, बघतो" म्हणाला. तसा त्रास नाही त्याचा. उलट तो लुकलुकला की मला पुढचं वाक्य आठवतं.

११ मार्च

आज सगळे मिळून माझ्या काळोखावर उठले. लाइटवाला म्हणतो, शेवटच्या प्रवेशात एक मेणबत्ती ठेवू. चिमणी म्हणते, "सर, मी सुरुवातीपासूनच तुमचा हात धरून बोलू का?" निर्माताही आला होता. तो म्हणाला, "अहो, थोडा उजेड असला म्हणून काय बिघडलं? लोकांना तुमचं तोंड दिसू दे की." हे सगळं हिने त्यांच्या डोक्यात भरवलं असणार, कारण ही मान खाली घालून बसली होती.

मी स्पष्ट सांगितलं. काळोख हा या नाटकाचा जीव आहे. हात शेवटच्या वाक्यालाच धरायचा, आधी धरला तर राहिलं काय? मेणबत्ती लावायची असेल तर माझ्या प्रेतापाशी लावा. कुणी हसलं नाही. अठराला रंगीत तालीम आहे, त्यात पहिल्यांदा पूर्ण अंधार करून बघू. तेव्हा कळेल यांना.

१८ मार्च

कळलं.

दोन अंक लोण्यासारखे गेले. मग अंधार झाला. मी माझं वाक्य म्हटलं आणि थांबलो. चिमणीचं भाषण यायला हवं होतं. काही नाही. नुसती घरघर. वाटलं, पोरगी विसरली. थोडं थांबलो, मग ओरडलो, "अगं बोल ना!" दिवे लागले. चिमणी माझ्यापासून दोन हातांवर उभी, डोळे भरलेले, ओठ अजून हलतायत. म्हणाली, "सर, बोलले मी. सगळं बोलले."

मी सगळ्यांकडे बघितलं. प्रत्येक जण जमिनीकडे बघत होता. त्या प्रहसनात काकांनी भलतंच उत्तर दिलं की बाकीची पात्रं अडीच वर्षं अशीच जमिनीकडे बघायची.

मी म्हटलं, "दिवे घालवा. आणि मी थांबवेपर्यंत सगळ्यांनी ओरडा. जीव तोडून." अंधार झाला. मी कान टवकारून उभा राहिलो. घरघर. तिच्यामागे कुठेतरी, पलीकडच्या इमारतीत कुणी कपाट सरकवतंय असा आवाज. बस. मी हात वर केला, तो अंधारात कुणाला दिसणार? लाइटवाल्याने आपणहून दिवे लावले.

सगळ्यांची तोंडं उघडी. मानेच्या शिरा ताणलेल्या. चिमणीचा चेहरा लालबुंद. विंगेतून ही पुढे आलेली, माझी बायको, जिने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, ती दोन्ही मुठी आवळून ओरडत होती.

१९ मार्च

काही नाही.

२१ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. ही घेऊन गेली म्हणायचं. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. काचेपलीकडे हिचा चेहरा उतरत गेला, तसं मला कळलं की आवाज येऊन जातायत.

डॉक्टर म्हणाले, हे आतलं आहे, परत यायचं नाही. घरघर कानातलीच आहे. यंत्राचा थोडा उपयोग होईल, पण त्याची सवय व्हायला काही महिने जातील. मग माझ्याकडे निरखून बघत एकदम खुलले. त्यांच्या ओठांवरून मला प्रत्येक शब्द कळला. "ते बहिऱ्या काकांचं काम तुम्हीच करायचात ना? काय हसलो होतो आम्ही!"

मी उठून वाकून दाखवलं. सवय.

वाटेत ही माझा दंड धरून चालत होती. मी म्हटलं, "प्रयोग रद्द करतो." ती समोर येऊन उभी राहिली, रहदारीच्या रस्त्यात, आणि म्हणाली, "मग घरी बसून काय करणार?" घरी आल्यापासून याचंच उत्तर शोधतोय. मी नट नाही तर कोण आहे, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. आरशासमोर उभं राहून बघितलं. बाप दिसला, न्यायाधीश दिसला, फौजदार दिसला. आणि कानामागे हात धरलेला तो काका. त्याला बघून मीसुद्धा हसलो असतो. मला फार भीती वाटतेय, आणि ती कुणाच्या भूमिकेत घालून उतरवता येत नाहीये.

२३ मार्च

कुजबुजकडे गेलो. बेल दाबली. वाजली असावी, त्याने दार उघडलं. माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो, पहिल्याच वाक्याला अडलो. त्याने पुढचा शब्द दिला, तोंड मोठं उघडून. "चुकलो."

मग चहा केला त्याने. मी म्हटलं, "तुला काढलं आणि नाटक सुधारलं, असं या वहीत लिहिलंय मी." तो हसत सुटला. तो गेलाच नव्हता. नाट्यगृहात तालमी सुरू झाल्यापासून वरच्या प्रकाशयोजनेच्या खोलीत लाइटवाल्याशेजारी बसत होता, संहिता मांडीवर घेऊन. माझी पाळी आली की दिवा लुकलुकवायचा. ढिली वायर म्हणजे हा. केस मागे सारायची, कप ठेवायची युक्ती चिमणीची. आणि हे सगळं सुरू केलं माझ्या बायकोने. ज्याला मी माझं कडक दिग्दर्शन समजत होतो, ते बाकीच्यांनी माझ्या नकळत माझ्यावर केलेलं होतं.

"अंधाराचं काय?" मी विचारलं. म्हणाला, "टेबलाखाली मी बसतो. तिचं भाषण संपलं की तुझ्या घोट्यावर दोन टिचक्या." मी म्हटलं, "तुझे गुडघे?" तो म्हणाला, "तुझे कान, माझे गुडघे. दोघांच्या उरलेल्यात एक माणूस पुरा होतो."

२९ मार्च

काल पहिला प्रयोग झाला. निर्माता आज संध्याकाळी येणार आहे. पुढचे प्रयोग लावतो की पडदा, ते त्याच्या तोंडावर वाचेन. त्याआधी झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दोन अंक दिव्याने आणि चेहऱ्यांनी पार केले. मग वीज गेली. कुजबुज टेबलाखाली, दुमडलेल्या गोधडीवर. मी माझं वाक्य म्हटलं आणि काळोखात थांबलो. चिमणी बोलत असणार. तिच्या कामातलं सगळ्यात अवघड भाषण, पानभर, माझ्याच हातचं. घरघर चालू होती. मग घोट्यावर दोन टिचक्या आल्या.

"मला सगळं ऐकू येत होतं." एवढं म्हणायचं, हात धरायचा, सुटलो. तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर येईना. विसरलो नव्हतो. समोर एक पोर पोटतिडकीने काही सांगून थांबली होती आणि मी घोट्यावरच्या बोटाला उत्तर देणार होतो. माझ्याच नाटकात अंधारात खरं बोलतात. पुन्हा दोन टिचक्या. पुन्हा. मग कुजबुजने घोटा घट्ट धरलाच.

मी म्हणालो, "थांब. मला ऐकू येत नाहीये. काहीच नाही, पोरी. तू दाराआड रडायचीस ते नाही, आत्ता बोललीस तेही नाही. दिवा लाव. तुझं तोंड बघू दे मला."

बोलून गेलो. बहिरा म्हातारा, रंगमंचावर, स्वतःच्या तोंडाने! आता हशा येणार. आला का? आयुष्यभर प्रेक्षक मला कानाने कळला. कोण खोकतंय, कोण चुळबुळतंय, कुठे श्वास अडकलाय, सगळं. आता सगळं नाट्यगृह हसून कोसळलं असतं तरी माझ्या कानात तीच घरघर असती. त्या काळोखात मी उभा राहिलो. इतका एकटा मी प्रेत झालो होतो तेव्हाही नव्हतो. कुजबुजने घोटा सोडला नाही, एवढंच.

मग काडी पेटली. पहिल्या अंकातल्या स्टोव्हची काडेपेटी चिमणीने चाचपडून शोधली होती. ज्योतीमागे तिचा चेहरा दिसला, आणि तिने ते भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सावकाश, माझ्या तोंडासमोर. काडी बोटांपर्यंत आली, तिने दुसरी ओढली. मग तिसरी. अर्धं मला तिच्या ओठांवरून कळलं, अर्धं मीच लिहिलेलं होतं म्हणून कळलं. तिचं संपलं तेव्हा माझ्याजवळ वाक्य उरलं नव्हतं. मी तिचा हात धरला.

तेवढ्यात लाइटवाल्याने भलतंच केलं. रंगमंच अंधारात ठेवला आणि प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू वर आणले. हे कुठल्याही संहितेत नव्हतं. घरी आल्यावर हिला विचारलं, तर म्हणाली, "मी कशाला सांगू त्याला?" आणि पाणी आणायला आत गेली.

बघायला धीर होत नव्हता. कुजबुजने घोट्यावर दोन टिचक्या दिल्या. मी मान वळवली. पहिल्या रांगेत एकाचेही दात दिसत नव्हते.